सिकलसेलच्या पट्ट्यात मधुमेह तपासणी: एचबीए१सी घ्यावी की ग्लुकोज पाजून रक्त घ्यावं?

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. गोंदिया जिल्ह्यातल्या तीन गावांत धानाची कापणी-मळणी आटोपली की मधुमेहाची तपासणी घ्यायचं ठरतंय. तीस वर्षांवरची साधारण पाचशे माणसं आहेत. आशाताई आणि उपकेंद्राच्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम सोबत आहेत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनीही होकार दिलाय.

एका देणगीदाराने बोटाच्या थेंबावर एचबीए१सी सांगणारं छोटं मशीन आणि लागतील तेवढी काडतुसं देऊ केली आहेत. त्यांचं म्हणणं, उपाशी बोलवायची गरज नाही, एका दिवसात एक गाव उरकतं, साखरेची तीन महिन्यांची सरासरी हातात येते. ऐकायला सोयीचं आहे. पण या गावांत सिकलसेलचे एएस (एकाच पालकाकडून दोष आलेले वाहक) बरेच आहेत आणि काही घरांत एसएस (दोघांकडून दोष आलेले) रुग्णही आहेत. बायकांमध्ये रक्त कमी असणं तर घरोघरी. अशा ठिकाणी एचबीए१सीवर विसंबावं का?

दुसरा पर्याय म्हणजे आमच्याकडचे चार ग्लुकोमीटर. तिसरा, शिरेतून रक्त घेऊन तालुक्याच्या लॅबला पाठवायचं. पण लॅब ३८ किलोमीटरवर आहे आणि गाडी दिवसातून एकदाच जाते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेण्याची चाचणी सगळ्यांची करणं झेपेलसं वाटत नाही.

आणखी एक. सोबतच्या एका महाविद्यालयाला या आकड्यांवर शोधनिबंध लिहायचा आहे. त्यासाठी आधीच काय करून ठेवावं लागतं?

---

लॅब_भंडारा

ताई, मशीन नाकारा असं म्हणत नाही, पण तुमच्या गावांत निदान त्याच्यावर करू नका. कारण सविस्तर सांगतो, म्हणजे देणगीदारालाही समजावता येईल.

एचबीए१सी साखर थेट मोजत नाही. तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजते. पेशी साधारण १२० दिवस जगते हे त्यात गृहीत धरलेलं आहे. पेशी लवकर मेली तर साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. एसएस रुग्णात पेशींचं आयुष्य फार कमी असतं, शिवाय त्याच्यात नेहमीचं हिमोग्लोबिन ए जवळपास नसतंच. मग ए१सी मोजायची कशाची? तरी काही मशीनं बिनदिक्कत आकडा छापतात, कारण त्यांना समोरचं हिमोग्लोबिन कुठलं हे कळत नाही. एसएस रुग्णाची एचबीए१सी कुठल्याच पद्धतीने ग्राह्य धरू नये.

एएसची गोष्ट वेगळी. त्यांच्या पेशी जवळपास पूर्ण आयुष्य जगतात, त्यामुळे पद्धत चांगली असेल तर आकडा वापरता येतो. पण अँटिबॉडीवर चालणाऱ्या काही पद्धती इथे चुकतात. सिकलचा बदल बीटा साखळीच्या सहाव्या जागेवर असतो आणि साखर चिकटते त्याच साखळीच्या टोकाला, म्हणजे अगदी शेजारी. बोरोनेट अॅफिनिटी पद्धतीला या बदलांचा त्रास सर्वांत कमी. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी लॅबची पद्धत) असेल तर आलेखात एसची वेगळी शीग दिसते, एएसमध्ये ती साधारण ३० ते ४० टक्के भरते. लॅबकडून नुसता आकडा घेऊ नका, आलेखाचं पान मागा. कुठल्या कंपनीच्या कुठल्या मॉडेलला एस, सी, डी, ई या बदललेल्या हिमोग्लोबिनांपैकी कशाचा अडथळा होतो, याची यादी एनजीएसपी ही एचबीए१सी चाचण्यांचं प्रमाणीकरण करणारी अमेरिकेतली संस्था ठेवते. देणगीदाराला मॉडेलचं नाव विचारा आणि त्या यादीत बघा. पद्धत चांगली असली तरी एएस माणसाची एचबीए१सी त्याच साखरेला थोडी कमीच येते, हे अमेरिकेतल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांवरच्या मोठ्या अभ्यासात २०१७ मध्ये दिसलं आहे.

आता रक्त कमी असण्याबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. लोहाच्या कमतरतेत नव्या पेशी कमी बनतात, जुन्याच फिरत राहतात, म्हणून एचबीए१सी खोटी वाढते. मग आशाताई लोहाच्या गोळ्या सुरू करतात, नव्या पेशींची लाट येते आणि आकडा खाली येतो. साखर तेवढीच असते. हल्लीच रक्त चढवलेलं असणं, बाळंतपणातला रक्तस्राव, मूत्रपिंडाच्या आजारात रक्त वाढवणारी एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं, जी६पीडी या एन्झाइमची कमतरता, या सगळ्यांत आकडा कमी येतो.

कुणी म्हणेल, सिकल खाली ओढतं, लोहाची कमतरता वर ढकलते, एकूण बरोबरी होईल. तसं धरून चालू नये. कुणाच्या बाबतीत किती फरक पडलाय हे काढायचं कुठलंही सूत्र नाही.

म्हणून तुमच्याकडे निदान ग्लुकोजवरच. पण त्यातही नमुना नीट सांभाळला नाही तर हातचा मधुमेही सुटतो, आणि आपल्याकडच्या शिबिरांत सर्वांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं. नळीत घेतलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात, खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के. उपाशीपोटी १३० असलेल्या माणसाचं रक्त साध्या नळीत तीन तास राहिलं तर लॅबमध्ये ११० च्या आसपास भरेल. मधुमेहाची रेषा १२६ ला आहे. तो माणूस ‘नॉर्मलच्या जरा वर’ म्हणून घरी जाईल.

करड्या झाकणाच्या फ्लोराईड नळीत घेतलं की प्रश्न मिटला, असा समज आहे. तो अर्धाच खरा. फ्लोराईड ज्या एन्झाइमला अडवतं ते साखर मोडण्याच्या साखळीत पार शेवटाकडे असतं. त्यामुळे पहिला एक-दोन तास, कधी चारपर्यंतही, वरची साखर वापरली जातच राहते. म्हणून नळी भरल्याबरोबर आठ-दहा वेळा हळुवार उलटीपालटी करायची, हलवून फेस काढायचा नाही. मग ती बर्फ आणि पाण्याच्या काल्यात उभी ठेवायची. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर टेकवली तर पेशी फुटतात. अर्ध्या तासात सेंट्रीफ्यूजवर फिरवून वरचा प्लाझ्मा नाव-क्रमांकाच्या छोट्या कुपीत काढायचा. एकदा पेशींपासून वेगळा झाला की ३८ किलोमीटरची चिंता उरत नाही, थंड पेटीतून दुपारच्या गाडीने गेला तरी चालतो. सेंट्रीफ्यूज नसेल तर सायट्रेट असलेल्या नळ्या मागवा, त्या ग्लुकोजचा ऱ्हास जवळपास लगेच थांबवतात. महाग आहेत आणि तालुक्याला सहसा मिळत नाहीत, आधी नोंदवाव्या लागतील.

नळी रेषेपर्यंत भरा. दोन मिलीच्या नळीत अर्धा मिली रक्त घेतलं की फ्लोराईडचं प्रमाण वाढून पेशी फुटतात. आणि उपकेंद्रातला लस नेण्याचा डबा नमुन्यांसाठी वापरू नका. तो फक्त लसीसाठी असतो.

---

मेडिसिन_पुणे

वरचं सगळं मान्य. फक्त एचबीए१सी म्हणजे कुचकामी, असा अर्थ कुणी काढू नये. जिथे सिकल, थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचे वाहक) आणि तीव्र रक्तक्षय कमी आहे तिथे ती उत्तम चाचणी आहे: उपाशी राहावं लागत नाही, कालच्या जेवणाने हलत नाही, नमुना टिकतो. उपचार सुरू झाल्यावर पाठपुराव्यालाही तीच बरी. पण थॅलेसेमिया मायनरचा मुद्दा शहरातही आहे. सिंधी, लोहाणा या समाजांत त्याचं प्रमाण जास्त, उल्हासनगरसारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. ग्लुकोमीटर आणि एचबीए१सी यांचा मेळ बसत नसेल, म्हणजे घरी रोज २०० च्या वर आणि एचबीए१सी ६, तर मीटरला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन तपासा. अशा रुग्णाचा पाठपुरावा घरच्या नोंदींवर किंवा फ्रुक्टोसामाइन, ग्लायकेटेड अल्ब्युमिन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) या चाचण्यांवर करावा. त्यांचा आरसा दोन-तीन आठवड्यांचा असतो, आणि लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा यकृत बिघडलेलं असेल तर तेही चकवतात.

---

एमओ_देवरी

तुमच्या प्रश्नातला ‘सगळ्यांची ७५ ग्रॅमची चाचणी झेपणार नाही’ हा भाग आधी घेतो. सगळ्यांची करायचीच नसते.

पहिली चाळणी कागदावर. आशाताईंकडे सीबॅक (घरोघरी आजारांची जोखीम विचारण्याचा) फॉर्म आहेच, त्यात गुण ४ च्या वर गेले की तो माणूस आधी. त्याच्या जोडीला चेन्नईत २००५ मध्ये बनवलेला भारतीय मधुमेह जोखीम गुणांक घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. वय ३५ च्या आत शून्य, ३५ ते ४९ ला २०, पन्नास आणि पुढे ३०. कंबर बाईची ८० सेंमीच्या आत आणि पुरुषाची ९० च्या आत शून्य, त्यावर दहा सेंमीपर्यंत १०, त्याहून जास्त २०. अंगमेहनत आणि नियमित व्यायाम दोन्ही असतील तर शून्य, एकच असेल तर २०, बैठं काम आणि व्यायाम नाही तर ३०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. साठ आणि वर म्हणजे जोखीम जास्त.

धान रोवणाऱ्या-कापणाऱ्या गावात मेहनतीचे गुण कमी पडतात, म्हणून ६० ची रेषा गाठणारे थोडे निघतील. त्यामुळे कमी गुणवाल्यांना परत पाठवू नका. गुणांक फक्त आधी कुणाला बोलवायचं ते ठरवायला वापरा, बोटाची तपासणी तीस वर्षांवरच्या सगळ्यांची करा. राष्ट्रीय कार्यक्रमातही तसंच आहे: तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची वर्षातून एकदा, कुठल्याही वेळी घेतलेली साखर १४० किंवा वर आली की पक्क्या तपासणीसाठी पुढे.

दुसरी पायरी ग्लुकोमीटर. जेवून किती वेळ झाला ते फॉर्मवर लिहाच. जेवणानंतर तासाभरात १५० आणि सहा तासांनी १५० यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. सकाळी उपाशी आले असतील तर बोटाची साखर १०० किंवा वर आली की पुढच्या पायरीला.

तिसरी पायरी शिरेतलं रक्त, उपाशी आणि ७५ ग्रॅमनंतर दोन तासांनी. उपाशी १२६ किंवा वर, अथवा दोन तासांनी २०० किंवा वर, म्हणजे मधुमेहाच्या कक्षेत. लक्षणं नसतील तर एका नमुन्यावर शिक्का मारू नका. त्याच सकाळचे दोन्ही आकडे रेषेवर असतील तर पुरे. एकच असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे पूर्वमधुमेह. उपाशीपोटीच्या पूर्वमधुमेहाची रेषा अमेरिकन संघटना १०० ला ओढते, जागतिक आरोग्य संघटना ११० ला. कुठली वापरणार ते आधी ठरवून फॉर्मच्या माथ्यावर छापा. एका गावात एक आणि दुसऱ्यात दुसरी वापरली तर आकड्यांना अर्थ उरत नाही.

उपाशीपोटीच्या एकट्या आकड्यावर भागवण्याचा मोह होईल. टाळा. आपल्या लोकांत उपाशी ९८ आणि दोन तासांनी १७० अशी माणसं भरपूर सापडतात. पूर्वमधुमेहींवर सर्वांत उपयोगी पडलेलं भारतीय संशोधन याच गटावर झालंय.

आणि एक गोष्ट लाल शाईत लिहून टेबलावर चिकटवा. मीटरवर ३०० च्या वर आकडा आणि सोबत उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, झपाट्याने वजन घटणं यांपैकी काही असेल, किंवा मीटर आकडा न दाखवता नुसतं ‘हाय’ दाखवत असेल, तर ती तपासणी राहू द्या. त्याच गाडीने ग्रामीण रुग्णालयात. ‘सोमवारी ओपीडीत या’ म्हणू नका.

---

वैनगंगाकाठ

फार मदत झाली. मशीनबद्दल देणगीदाराशी बोलले, त्याऐवजी छोटा सेंट्रीफ्यूज आणि करड्या नळ्या द्यायला ते तयार आहेत.

दोन शंका. आमचे चार मीटर एकाच बोटाच्या रक्ताला वेगवेगळे आकडे दाखवतात, १३२, १४१, १४७ असे. मग कुठला खरा? आणि ग्लुकोज पाजण्याचं काम उपकेंद्रात एका सकाळी किती जणांचं निघेल? पावडर दुकानात मिळते तीच घ्यायची का?

---

सिस्टर_चंद्रपूर

मीटरचं आधी सांगते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे माफ असतं. खरी साखर १४० असेल तर ११९ ते १६१ मधलं काहीही नियमात बसतं. म्हणजे तुमचे तिन्ही आकडे बरोबर आहेत, आणि म्हणूनच बोटाच्या आकड्यावर निदान करत नाहीत. तपासणीला चारही मीटर एकाच कंपनीचे, पट्ट्या एकाच लॉटच्या ठेवा. रोज सकाळी आणि नवी डबी उघडली की कंट्रोल सोल्यूशनचा (ठरलेली साखर असलेल्या द्रावणाचा) थेंब टाकून बघा, डबीवर छापलेल्या मर्यादेत आकडा यायला हवा. डबी उघडल्याची तारीख पेनाने लिहा. झाकण उघडं राहिलं की पट्टी दमट होते. डबी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

थेंब घेण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करायला लावा. गूळ, पेरू, बोरं हाताळलेल्या बोटातून दोनशे-अडीचशे आलेले आकडे नुसते हात धुतल्यावर खाली येतात. स्पिरिट लावलं असेल तर पूर्ण वाळू द्या. बोटाच्या शेंड्यावर नको, कडेला टोचा, पहिला थेंब पुसून दुसरा घ्या, पिळू नका.

रक्त कमी असलेल्या बाईचं मीटर जास्त दाखवतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पट्टीच्या घडीच्या कागदात हिमॅटोक्रिटची (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के, त्याची) मर्यादा छापलेली असते, बऱ्याचशा पट्ट्यांत ती तिसाच्या आसपास सुरू होते. हिमोग्लोबिनला तिनाने गुणलं की अंदाजे हिमॅटोक्रिट. सात ग्रॅमवाल्या बाईचा एकवीस, म्हणजे ती पट्टी तिच्यासाठी बनलेलीच नाही. तिचं शिरेतूनच घ्या. म्हणून हिमोग्लोबिन आधी, साखर नंतर, असा टेबलांचा क्रम लावा.

आता ग्लुकोज. दुकानातली फळाच्या चवीची ताकदीची पावडर घेऊ नका, त्यात साधी साखर आणि बाकीचं मिसळलेलं असतं. औषधाच्या दुकानातून चाचणीची पुडी घ्या आणि तिच्यावरचं बारीक अक्षर वाचा. चाचणीला लागतं ते पाण्याचा अंश नसलेलं ७५ ग्रॅम. पुडीत मोनोहायड्रेट, म्हणजे पाण्याचा अंश असलेलं ग्लुकोज, असेल तर ते ८२.५ ग्रॅम लागतं. मोनोहायड्रेटचेच ७५ ग्रॅम पाजले तर पोटात साधारण ६८ ग्रॅमच जातात. २५० ते ३०० मिली पाण्यात पूर्ण विरघळवायचं, लिंबू पिळलं तरी चालतं. पाच मिनिटांत संपवायचं आणि घड्याळ पहिल्या घोटापासून लावायचं.

आधीचे तीन दिवस नेहमीसारखं भात-पोळी जेवायला सांगा. तपासणी आहे म्हणून भात सोडून आलेल्याची चाचणी बिघडते. आदल्या रात्रीपासून किमान आठ तास काही नाही, पाणी चालतं. एसएस रुग्णांना तर पाणी भरपूर प्यायला सांगा, त्यांना कोरडं ठेवणं धोक्याचं. सकाळी विचारताना ‘काही खाल्लं का’ एवढंच विचारलं तर सगळे नाही म्हणतात. चहा, बिस्कीट, खर्रा, असं एकेकाचं नाव घेऊन विचारा. दोन तासांत बिडी, तंबाखू, खर्रा बंद, फिरणं बंद, सावलीत बसून राहायचं. उलटी झाली तर चाचणी रद्द, दुसऱ्या दिवशी.

दोघी रक्त घेणाऱ्या असतील तर एका सकाळी वीस जणं आरामात. पहिला सात वाजता आणि दर पाच मिनिटांनी एक. विसावा आठ पस्तीसला बसतो. दुसरं रक्त नऊला सुरू होतं, मधे पंचवीस मिनिटं मिळतात. सगळं पावणेअकराला संपतं. सेंट्रीफ्यूज आठ नळ्यांचा असला तरी आठ जमायची वाट बघू नका, चाळीस मिनिटं जातात. सहा झाल्या की फिरवा, समोरासमोर तोलून. प्रत्येकाच्या मनगटावर पेनाने क्रमांक आणि दुसऱ्या रक्ताची वेळ लिहा. चिठ्ठी हरवते.

गरोदर बायका या रांगेत मिसळू नका. त्यांची केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वेगळी चाचणी: उपाशी असो-नसो ७५ ग्रॅम, दोन तासांनी एकच रक्त, १४० किंवा वर म्हणजे गर्भारपणातला मधुमेह. उलटी पहिल्या अर्ध्या तासात झाली तर दुसऱ्या दिवशी, नंतर झाली तर चाचणी पुढे चालू ठेवायची. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅम. तेव्हा एचबीए१सी नको, रक्तस्रावाने ती फसवते.

---

लोकस्वास्थ्य_नागपूर

शोधनिबंधाच्या प्रश्नाला उत्तर देतो, पण त्याआधी एक विनंती. तपासणीची तारीख ठरवण्याआधी पाठपुराव्याची तारीख ठरवा.

इंग्लंडच्या पूर्व भागात ‘अॅडिशन केंब्रिज’ नावाची मोठी चाचणी झाली, निकाल २०१२ मध्ये आला. जास्त जोखमीच्या लोकांची मधुमेहासाठी एकदा तपासणी केलेले दवाखाने आणि न केलेले दवाखाने. सुमारे दहा वर्षांनी मृत्यूंमध्ये फरक सापडला नाही. तिथे प्रत्येकाचा ठरलेला डॉक्टर असतो, तरीही. आपल्याकडे शिबिरात चिठ्ठी मिळालेला माणूस दुसऱ्या तपासणीला आलाच नाही तर शिबिर झालं काय नि न झालं काय. म्हणून कागदावर प्रत्येक १४० वाल्यासमोर एका आशाताईचं नाव हवं, आणि पक्की चाचणी दहा दिवसांच्या आत. मजुरी बुडते हे खरं कारण असतं. कापणी-मळणीच्या दिवसांत बोलवलं तर कुणी येणार नाही, तुमची वेळ बरोबर आहे.

निदान झालं की त्याच भेटीत रक्तदाब, दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का ते बघायच्या नायलॉनच्या धाग्याने) पाय, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण आणि रक्तातलं क्रिएटिनिन. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी टाइप २ मध्ये निदानाच्या वेळीच, पाच वर्षं थांबायचं नसतं. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात निदानाच्या दिवशीच निम्म्या लोकांत कसली ना कसली गुंतागुंत सुरू झालेली होती.

पूर्वमधुमेहवाल्यांना ‘गोड कमी खा’ म्हणून सोडू नका. चेन्नईचा भारतीय मधुमेह प्रतिबंध कार्यक्रम, २००६, दोन तासांची साखर वाढलेले ५३१ जण. तीन वर्षांत नुसत्या सल्ल्याच्या गटात ५५ टक्के मधुमेही झाले. आहार-व्यायामावर नेटाने लक्ष ठेवलेल्या गटात ३९.३ टक्के, मेटफॉर्मिनच्या गटात ४०.५, आणि दोन्ही एकत्र दिलेल्यांत ३९.५. म्हणजे दोन्ही जोडून जास्तीचा लाभ झाला नाही. गोळीचा डोस २५० मिलिग्रॅम दोनदा, एवढाच होता. चीनमधल्या दाचिंगच्या १९८६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात जीवनशैलीचा कार्यक्रम सहा वर्षं चालला, आणि तीस वर्षांनी पाहिलं तर त्या गटात मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा आला होता, हृदयविकार आणि पक्षाघातही कमी होते. कार्यक्रम वर्षानुवर्षं चालवावा लागतो, एका भाषणाने होत नाही. तुमच्या भागात याचा सरळ अर्थ असा की ताटातला भात बंद करायला सांगू नका, कुणी करणार नाही. वाढणीचं माप कमी, शेजारी डाळ, लाखोळीची किंवा इतर भाजी दुप्पट, आणि कापणी संपल्यावरच्या बैठ्या महिन्यांत रोज अर्धा तास चालणं.

आता निबंध. सेवा म्हणून शिबिर घेतलं आणि नंतर ‘छापू या’ म्हटलं, तर नैतिक समिती मागच्या तारखेची मंजुरी देत नाही. देऊही नये. महाविद्यालयाच्या नोंदणीकृत नैतिक समितीकडे आराखडा, मराठी आणि गरज असेल तिथे गोंडी-हिंदी संमतिपत्र आणि फॉर्मचा नमुना पहिल्या थेंबाआधी मंजूर करून घ्या. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सगळं आहे. संमती न देणाऱ्यालाही तपासणी तीच मिळाली पाहिजे, ते वाक्य संमतिपत्रात ठळक छापा. दोन उपचारांची तुलना करणार असाल तर पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर (उपचार-चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी करावी लागेल. नुसत्या तपासणीच्या आकडेवारीला ती सक्तीची नाही.

सिकलची माहिती नाजूक असते. लग्न मोडतात. केंद्राच्या मोहिमेत वाटलेली सिकलची कार्डं लोक आणतील, त्यावरचा एएस-एसएस फॉर्ममध्ये टिपा, पण नावाच्या यादीत नाही. वेगळ्या कागदावर, क्रमांकाने.

आणि पाचशेपैकी आले किती, आले नाहीत ते कोण, हे लिहून ठेवा. शिबिराला बायका आणि म्हातारी माणसं येतात, तिशी-चाळिशीतले पुरुष नागपूर-रायपूरला कामाला गेलेले असतात. न आलेल्यांचं वय आणि लिंग आशाताईंच्या नोंदवहीतून मिळतं. ते नसेल तर तुमच्या टक्केवारीला गावाची टक्केवारी म्हणता येणार नाही. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात ११.४ टक्के मधुमेह आणि १५.३ टक्के पूर्वमधुमेह सांगितला, गोव्यात २६.४ टक्के मधुमेह. त्यांनी घरं निवडून, घरोघरी जाऊन रक्त घेतलं होतं. शिबिराचा आकडा त्याच्या शेजारी मांडू नका.

---

वैनगंगाकाठ

आराखडा या आठवड्यात समितीकडे देतोय. शेवटचा प्रश्न: तीस वर्षांखालची दोन-तीन बारीक अंगाची मुलं आहेत, साखर २५० च्या वर म्हणून कुणीतरी गोळ्या दिल्यात, वजन चाळीसच्या आसपास. त्यांना यात घ्यायचं का?

---

एमओ_देवरी

शिबिरात नको, थेट पाठवा. इतक्या बारीक तरुणाला टाइप २ म्हणून गोळ्यांवर ठेवणं बरोबर नाही. आधी कीटोन (इन्सुलिन फार कमी पडलं की चरबी जळून रक्तात-लघवीत येणारं द्रव्य) तपासा. कीटोन असतील तर टाइप १ धरून त्याच दिवशी इन्सुलिन आणि भरती. कीटोन नसतील, लहानपणापासून कुपोषण असेल आणि बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर कुपोषणाशी जोडलेला मधुमेह डोक्यात ठेवा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ मध्ये त्याला टाइप ५ म्हणून वेगळी ओळख दिली आहे. यात इन्सुलिन कमी बनतं, म्हणून ते लागू शकतं, पण थोड्या डोसातही साखर पार खाली जाते. घरात दोन वेळचं अन्न आहे का हे विचारल्याशिवाय डोस लिहू नये. स्वादुपिंडात खडे आहेत का यासाठी पोटाची सोनोग्राफीही करून घ्या.

आणि थुंकीची तपासणी विसरू नका. वजन उतरलेला मधुमेही तरुण म्हणजे क्षयरोग नाही ना, हे बघायलाच हवं. क्षय निघाला तर साखर क्षयाच्या ताणानेही वाढलेली असू शकते. उपचार चालू ठेवायचे, आणि क्षयाचा कोर्स संपल्यावर ७५ ग्रॅमची चाचणी पुन्हा करायची.

त्यांच्या गोळ्यांचं पाकीट पेशंटसोबत पाठवा. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल आणि मुलगा जेवला नसेल तर वाटेतच चक्कर येईल. सोबत गुळाचा खडा द्या.